कोळशाची सवय आणि लाकडाची आग: एका कडू पोर्क शोल्डरचं प्रकरण

ऑक्टोबरमधला शनिवार, टेक्ससमध्ये ऑस्टिनच्या उत्तरेला असलेल्या एका घराचं मागचं अंगण. माझ्या मावसभावाने पहाटे पाचला स्मोकर, म्हणजे मंद धगीवर आणि धुरावर मांस शिजवायची बंद भट्टी, पेटवला आणि सहाच्या सुमारास आठ पौंडांचं, म्हणजे साधारण ३.६ किलोचं पोर्क शोल्डर (डुकराच्या खांद्याचं मांस) आत ठेवलं. संध्याकाळी जेवायला चार कुटुंबं यायची होती. साडेनऊला त्याचा फोन आला. "ताई, धूर भरपूर आहे, तापमानही बरोबर दाखवतंय. पण कडेचा एक तुकडा तोडून खाल्ला तर कडू लागला. जीभ जरा बधिर झाल्यासारखी वाटतेय."

मी धुराचा रंग विचारला. "पांढराशुभ्र, दाट. शेजाऱ्यांच्या कुंपणापर्यंत जातोय." मी त्याला धुराड्याची झडप पूर्ण उघडायला आणि भट्टीचं दारही उघडं ठेवायला सांगितलं, आणि गाडी काढली.

हे प्रकरण सविस्तर लिहिण्याचं कारण म्हणजे तो नवखा नव्हता. दोन वर्षं तो उभ्या, गोळीच्या आकाराच्या कोळशाच्या स्मोकरवर उत्तम मांस करत होता. त्याच्या हातचं पोर्क मी आवडीने खाल्लेलं आहे. कोळशावर जे जे बरोबर होतं तेच त्याने लाकडावर केलं, आणि त्यामुळेच सगळं बिघडलं. कोळशावरून लाकडाकडे वळणाऱ्या बऱ्याच जणांचं असंच होतं.

जुन्या स्मोकरवर तो जिम मिनियन या अमेरिकी बार्बेक्यूवाल्याच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत वापरायचा. गोल जाळीत न पेटवलेला कोळसा भरायचा, वर मूठभर पेटलेले निखारे टाकायचे. विस्तव वरून खाली सावकाश सरकत जातो. खालच्या झडपा जवळजवळ बंद ठेवल्या की तापमान २२५ ते २५० अंश फॅरनहाइटवर (१०७ ते १२१ सेल्सिअस) रात्रभर टिकतं. चवीसाठी कोळशात हिकरी या अमेरिकी झाडाच्या किंवा सफरचंदाच्या लाकडाचे तीन-चार ठोकळे पुरतात. माणूस झोपला तरी चालतं. तापमान वाढलं तर झडप आणखी थोडी लावायची, उतरलं तर थोडी उघडायची, एवढाच नियम. तो त्याच्या हाताला पक्का बसला होता.

उन्हाळ्यात त्याने ऑफसेट स्मोकर घेतला. आडवं पिंप, त्याच्या एका टोकाला खालच्या अंगाला भट्टी, दुसऱ्या टोकाला धुराडं. भट्टीत लाकूड जळतं, धग आणि धूर पिंपातून मांसावरून आडवे जातात आणि धुराड्यातून बाहेर पडतात. मध्य टेक्ससची हीच रीत. ऑस्टिनपासून तीसेक मैलांवर लॉकहार्ट आहे. टेक्ससच्या विधिमंडळाने १९९९ मध्ये त्या गावाला राज्याची बार्बेक्यू राजधानी म्हणून गौरवलं. तिथल्या स्मिटीज मार्केटच्या जुन्या इमारतीत विटांच्या लांबलचक भट्ट्या आहेत आणि त्यांच्या तोंडाशी जमिनीवर पोस्ट ओकची (ओकच्या एका जातीची) लाकडं उघड्यावर जळत असतात. त्या आगीला दार नाही, झडप नाही. लाकूड मोकळ्या हवेत जळतं आणि धुराड्याच्या ओढीने धग आत जाते. भाऊ तिथे अनेकदा जेवला आहे. आगीच्या बाजूने चालत रांगेत उभाही राहिला आहे. पण त्या आगीला कुणी कोंडत नाही, याकडे त्याचं लक्ष गेलं नव्हतं.

अंगणात काय दिसलं

सव्वादहाला पोचले तेव्हा दार उघडल्यामुळे धूर थोडा निवळला होता, पण भट्टीतली लाकडं जळत नव्हती, धुमसत होती. जाळ कुठेच नाही. सोळा इंच लांबीचे, पोटरीएवढे जाड दोन ओंडके एकमेकांना चिकटवून ठेवलेले. भट्टी आतून जेमतेम अठरा इंचांची, त्यामुळे हवा खेळायला जागाच उरली नव्हती. खाली राखेचा जाड थर, त्यात हवेची खिडकी अर्धी बुजलेली. वरून भिजवलेल्या ढलप्यांची मूठ टाकलेली. पाण्यात ठेवलेलं लाकूड जास्त धूर देतं ही समजूत इथे फार पसरलेली आहे. ढलपी भिजवली तर पाणी तिच्या पृष्ठभागावर राहतं आणि ते उडेपर्यंत तिच्यातून नुसती वाफ येते. त्याचा काही फायदा नाही.

फोन करेपर्यंत खालची झडप बोटभर उघडी होती आणि धुराड्याची निम्मी बंद. "धूर आत टिकावा म्हणून," तो म्हणाला. झाकणावरच्या तापमापकाचा काटा २३० अंश फॅरनहाइटवर होता. मी माझ्या तापमापकाची तार जाळीवर मांसाच्या शेजारी ठेवली: भट्टीच्या बाजूला २९०, धुराड्याच्या बाजूला २१५. म्हणजे तो ज्या आकड्यावर विसंबून झडपा हलवत होता, तो मांसाला लागणाऱ्या धगीचा नव्हताच. झाकणाचा तापमापक जाळीपासून वीतभर उंच बसवलेला असतो आणि स्वस्त स्मोकरमध्ये तो बहुधा चुकीचंच सांगतो. जाळीवर दोन टोकांना दोन तारा ठेवल्याशिवाय ऑफसेटवर मांस चढवू नये असं माझं ठाम मत आहे.

झाकणाची आतली बाजू चकचकीत काळी आणि बोटाला चिकटणारी होती. स्वच्छ आगीवर चालणाऱ्या स्मोकरच्या आतला थर कोरडा आणि तपकिरी-काळा असतो. ही चिकट चकाकी म्हणजे न जळालेल्या धुरातलं डांबर थंड पत्र्यावर बसलेलं. मांसावरही तेच बसलं होतं, आणि जीभ बधिर करत होतं तेही तेच.

लाकडाची चौकशी केली. एक गोणी दुकानातली, कोरडी. बाकीचं रस्त्याकडेच्या विक्रेत्याकडून "वाळलेलं" म्हणून घेतलेलं. त्यातला एक ओंडका कुऱ्हाडीने फोडला आणि आतल्या ताज्या चिरेत ओलावा मोजायच्या यंत्राच्या सुया टोचल्या. ३४ टक्के. दुकानातल्या लाकडात १७. स्मोकरसाठी १५ ते २० टक्के ओलावा चांगला. बाहेरून यंत्र टोचून काही कळत नाही, कारण साल आणि टोकं आधी वाळतात. लाकूड फोडूनच बघावं लागतं. यंत्र नसेल तर दोन तुकडे एकमेकांवर आपटावेत: सुकं लाकूड खणखणतं, ओलं थप्प वाजतं. टोकांना भेगा पडल्या आहेत का तेही पाहावं.

लाकडाला घुसमट का चालत नाही

आपल्याकडच्या कोळसाभट्ट्यांवर हे सगळं उघड दिसतं. रायगड-ठाण्यातली कातकरी कुटुंबं हंगामभर जिथे राबतात, त्या भट्ट्यांत बाभळीची लाकडं रचतात, वर पाला आणि माती लिंपतात आणि हवेला मोजकीच भोकं ठेवतात. आत लाकूड तापतं पण जळू दिलं जात नाही. आधी दाट पांढरा धूर निघतो, त्यात मुख्यतः पाण्याची वाफ. मग तो पिवळट, उग्र होतो: लाकडातलं डांबर, आम्लं, तेलं बाहेर पडत असतात. शेवटी धूर पातळ आणि निळसर झाला की कोळसा तयार झाला असं समजून भोकं बुजवतात. वाळलेल्या लाकडाच्या वजनाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग असा वायू आणि वाफेच्या रूपाने निघून गेलेला असतो. मागे उरतो तो बहुतांशी कार्बन.

म्हणजे कोळसा पेटवणाऱ्याच्या वाट्याला येतं ते आधीच धूर काढून टाकलेलं लाकूड. तो धूर कुणीतरी माळरानावर स्वतःच्या फुप्फुसांत घेतलेला असतो. (कोळशाची गोणी उचलताना मला हे दर वेळी आठवतं.) कोळशाचा निखारा पृष्ठभागावर जळतो. हवा कमी केली की तो मंद होतो, एवढंच. वाईट चवीचं असं त्याच्यात फारसं उरलेलंच नसतं, म्हणून तो घुसमट सोसतो.

लाकडाची गोष्ट निराळी. ते दोन टप्प्यांत जळतं. धग लागली की साधारण २०० ते ५०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान त्याचे घटक फुटतात आणि वायू बाहेर पडतात. त्या वायूंना पुरेशी हवा आणि पुरेशी उष्णता मिळाली तर ते पेटतात, आणि तोच आपल्याला दिसणारा जाळ. आता हवेची झडप लावली तर जाळ विझतो, पण लाकूड तापलेलंच असतं आणि त्यातून वायू निघतच राहतात. भावाने जाळ थांबवला, पण वायू थांबवता येणार नव्हते. चार तास त्याच्या स्मोकरमध्ये छोटी कोळसाभट्टी चालू होती आणि कोळसा पाडणारे लोक ज्या धुरापासून दूर सरकतात, तो धूर पोर्कवरून जात होता.

ओलं लाकूड यात भर घालतं. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २,२६० किलोज्यूल उष्णता लागते, आणि ती त्याच आगीतून जाते. आग थंडावली की वायू पेटण्याइतकी उष्णता राहत नाही. धुराडं अर्धं बंद असलं की आणखी नुकसान. धुराड्यातली गरम हवा हलकी होऊन वर जाते आणि तिच्यामागे भट्टीतून ताजी हवा ओढली जाते. ती वाट अडवली तर खालची झडप कितीही उघडा, ओढ राहत नाही. मांसाभोवती जुना, थंडावलेला धूर घुटमळतो आणि त्यातलं डांबर मांसावर बसतं.

चांगल्या धुरातही वायू पूर्ण जळत नाहीत, आणि ते बरंच आहे. लाकडातल्या लिग्निन या घटकापासून ग्वायाकॉल आणि सिरिंगॉल ही रसायनं तयार होतात. धुरकट चव आणि वास मुख्यतः यांचाच. जाळ असलेल्या छोट्या आगीतून हे पुरेसे येतात, आणि जड डांबर बऱ्यापैकी जळून जातं. अशा धुराचे कण इतके बारीक असतात की ते निळा प्रकाश जास्त विखुरतात, म्हणून धूर निळसर दिसतो. कधी तर काहीच दिसत नाही, धुराड्याच्या तोंडाशी हवा थरथरते आणि वास येतो. नवशिक्यांना तेव्हा वाटतं, धूर संपला, लाकूड घाला. त्या वेळी हात आवरायचा असतो.

त्या दिवशी काय केलं

मांसाच्या आतलं तापमान १४२ अंश फॅरनहाइट (६१ सेल्सिअस) होतं. ते बाहेर काढलं, गरम पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने वरचा चिकट थर हलक्या हाताने पुसला आणि घरातल्या ओव्हनमध्ये २५० अंशांवर ठेवलं. नवी आग बसेपर्यंत ते कोमट राहू देणं धोक्याचं होतं.

तेवढ्यात पावसाची भुरभुर सुरू झाली. भावजय म्हणाली, "ताई, गॅरेजच्या तोंडाशी ओढूया का? दार उघडंच ठेवू." मी ठाम नाही म्हटलं. धुमसती आग आणि निखारे दोन्ही कार्बन मोनॉक्साइड सोडतात. त्याला रंग नाही, वास नाही, आणि अर्धवट उघड्या जागेतही तो साठतो. स्मोकर, शेगडी, निखाऱ्यांची बादली, यांतलं काहीही गॅरेजमध्ये किंवा बंद व्हरांड्यात न्यायचं नाही, राख गार दिसत असली तरीसुद्धा. आम्ही छत्री धरली. भुरभुर थांबली.

धुमसते ओंडके चिमट्याने लोखंडी बादलीत काढले आणि अंगणाच्या मोकळ्या कोपऱ्यात नेऊन पाणी ओतलं. राख ओढून काढली. धुराडं पूर्ण उघडं. कोळसा पेटवायच्या नळकांड्यात भरून ब्रिकेट, म्हणजे कोळशाच्या दाबून केलेल्या वड्या, पेटवले. खाली कागद, रॉकेलसारखं द्रव अजिबात नाही, कारण त्याचा वास मांसात उतरतो. पंधरा-वीस मिनिटांनी वरच्या थरावर राखाडी साय आली तेव्हा ते भट्टीत पसरले. ऑफसेटमध्ये कोळशाचं काम एवढंच: निखाऱ्यांचा पाया घालायचा. त्या पायावर पुढे लाकूड जळतं आणि स्वतःचे निखारे तयार करतं.

दुकानातलं कोरडं लाकूड दहा इंचांचं कापलं, मनगटाएवढ्या जाडीचं फोडलं. दोन तुकडे निखाऱ्यांवर, मध्ये दोन बोटांची फट ठेवून. पुढचे दोन भट्टीच्या पत्र्यावर तापत ठेवले. तापलेलं लाकूड आगीत टाकल्यावर काही सेकंदांत पेट घेतं, गार लाकूड आधी दोन-चार मिनिटं पांढरा धूर काढतं. भट्टीचं दार जाळ लागेपर्यंत उघडं ठेवलं.

दहा मिनिटांत धूर निवळला आणि जाळीवरचं तापमान ३१० वर गेलं. भावाचा हात लगेच झडपेकडे गेला. मी तो धरला. लाकडाच्या आगीत तापमान उतरवायचं ते पुढचा तुकडा उशिरा किंवा लहान टाकून. आग छोटी करायची, कोंडायची नाही. वीस मिनिटांत ते आपोआप २७० वर आलं, आणि अकरा वाजून दहा मिनिटांनी मांस परत आत गेलं, चरबीची बाजू भट्टीकडे करून.

त्यानंतरची दुपार म्हणजे अर्ध्या-अर्ध्या तासाने एक तुकडा. तापमान २५० ते २८५ मध्ये हेलकावत राहिलं. मी त्याला सांगितलं की या पातळ पत्र्याच्या स्मोकरवर एवढा हेलकावा ठीक आहे. २५० चा आकडा एकसारखा धरून ठेवायच्या नादात लोक आग मारतात. घड्याळापेक्षा निखाऱ्यांकडे बघायचं. ते काळवंडले की तुकडा टाकायचा, आणि टाकल्यावर जाळ दिसेपर्यंत जागचं हलायचं नाही.

एकच्या सुमारास मांस १६३ वर (७३ सेल्सिअस) अडकलं आणि तास उलटला तरी जेमतेम वर सरकलं. पृष्ठभागावरचा ओलावा उडताना मांस गार होत राहतं म्हणून असं होतं, आग वाढवायची गरज नसते. १७० ला ते खाटकाच्या कागदात (मांस बांधायच्या जाड कागदात) गुंडाळलं. पाच वीसला २०३ अंश (९५ सेल्सिअस) झालं आणि सळई लोण्यात जावी तशी आत गेली. तासभर झाकून ठेवलं, पावणेसातला पानं मांडली.

मांसाचं काय झालं

आतलं मांस उत्तम निघालं: सुटं, रसाळ, धुराची मंद चव. बाहेरचं कवच मात्र वाचलं नाही. पहिल्या चार तासांत बसलेलं डांबर पुसून थोडं गेलं, बाकीचं राहिलं. सर्वांत काळी बाजू मी सुरीने उतरवली आणि टाकली. उरलेलं कवच बारीक कापून सगळ्या मांसात मिसळलं तेव्हा कडवटपणा जाणवेनासा झाला. वरून भावजयीने कोकम आणि हिरव्या मिरचीचं पातळ सार केलं होतं, त्याच्या आंबटपणाने बरंच काम केलं. खाणाऱ्यांनी तक्रार केली नाही. पण कवच हाच स्मोक केलेल्या मांसाचा खरा मान, आणि तो त्या दिवशी गेला.

गंमत म्हणजे कडेला गुलाबी वलय अगदी सुरेख पडलं होतं. पाहुणे त्याचेच फोटो काढत होते. ते वलय नायट्रिक ऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइडमुळे पडतं. हे वायू मांसाला लाल रंग देणाऱ्या मायोग्लोबिन या प्रथिनाला धरतात आणि त्याचा रंग टिकून राहतो. आग घाणेरडी असली तरी वलय पडतं. त्याच्यावरून चवीचा अंदाज बांधू नये.

त्यानंतर

पुढच्या खेपेला त्याच स्मोकरवर त्याने एकट्याने शोल्डर केलं. मी मुद्दाम गेले नाही. झाकणाच्या आतला थर कोरडा होता, असं त्याने फोटो पाठवून दाखवलं. मांस दुसऱ्या दिवशी डब्यातून आलं, कवचासकट. ओलं लाकूड त्याने फेकलं नाही. ते फोडून, आडवं-उभं रचून, वर फक्त पत्रा टाकून चारी बाजू उघड्या ठेवल्या आहेत. ओक सावकाश वाळतो. जाड फोडलेल्या तुकड्यांना इथल्या उन्हातही वर्षभर लागू शकतं, आणि ताडपत्रीत गुंडाळलं तर ते वाळण्याऐवजी बुरसतं.

कोळशाचा जुना स्मोकर विकायचा त्याचा विचार होता, तो मी बदलायला लावला. रात्री चढवून सकाळी उतरवायचं असेल, घरात लहान मूल असेल, दिवसभर आगीजवळ थांबता येणार नसेल, तर कोळसा आणि त्यात लाकडाचे तीन-चार ठोकळे हीच शहाणी निवड. लाकडाची आग अर्धा तासही एकटी सोडता येत नाही. तो आता मोठ्या सुट्टीच्या दिवशी ऑफसेट काढतो. कोंबडीही त्यावरच करतो, ३०० अंशांच्या वर. तेवढ्या धगीला जाळ आपसूक मोठा आणि स्वच्छ राहतो, कातडी चिवट होत नाही, आणि आतून १६५ अंश (७४ सेल्सिअस) दोन तासांच्या आत गाठता येतात.

एक अडचण अजून सुटलेली नाही. हिवाळ्यात उत्तरेचा वारा सुटला की तो थेट भट्टीच्या खिडकीत शिरतो आणि लाकूड वीस मिनिटांत संपतं. झडप लावली तर पुन्हा धुमसणं. सध्या त्याने स्मोकर फिरवून खिडकी कुंपणाकडे केली आहे आणि मध्ये दोन हातांची जागा सोडून पत्रा उभा केला आहे. पुढचा वारा आला की कळेल.